देशाचे आकडे बघून पिग आयर्न घ्यावं का? कुपवाडच्या फाउंड्रीतला अनुभव

मागच्या पावसाळ्याच्या आधीपासून आमच्या सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या फाउंड्रीत (लोखंड ओतायच्या कारखान्यात) कच्च्या मालाची, म्हणजे मुख्यतः पिग आयर्नची (वितळवून ओतायचं कच्चं लोखंड) खरेदी आर्थिक आकडे बघून करतोय. ट्रॅक्टरचे हब, ब्रेक ड्रम आणि थोडी पंपाची कास्टिंग्ज, असं आमचं काम. सॉफ्टवेअर घेतलं नाही. एक एक्सेल शीट आणि प्रत्येक आकडा कोणत्या तारखेला येतो ते लिहिलेलं कॅलेंडर, एवढ्यावर चाललंय. मत आधीच सांगून टाकतो. किती माल ओतायचा हे या आकड्यांवरून कळत नाही, ते गिऱ्हाईकाचं शेड्यूलच (कधी किती माल हवा त्याची यादी) सांगतं. पण त्या शेड्यूलवर कितपत विसंबायचं आणि यार्डात किती दिवसांचं पिग आयर्न ठेवायचं, हे बऱ्यापैकी कळतं. आमच्यासारख्यांचा पैसा अडकतो तो तिथंच.

सुरुवात पीएमआयने (कारखान्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांना विचारून काढलेला निर्देशांक) केली, कारण तो सगळ्यात आधी येतो, महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी. ५० च्या वर म्हणजे तेजी, खाली म्हणजे मंदी, एवढंच बातमीत असतं. हिशोब असा आहे की शंभर कारखान्यांपैकी ३० म्हणाले काम वाढलं, ५० म्हणाले तेवढंच आहे आणि २० म्हणाले घटलं, तर ३० मध्ये ५० चे निम्मे २५ मिळवायचे, आकडा ५५. म्हणजे किती जणांचं वाढलं ते समजतं, किती वाढलं ते नाही. ऑगस्ट २०२५ चा उत्पादन क्षेत्राचा पीएमआय ५९.३ आला, सतरा वर्षांतला सर्वांत वरचा. आणि त्याच आठवड्यात आमच्या गिऱ्हाईकाच्या स्टोअरमधून फोन, "पुढचा पंधरवडा माल पाठवू नका."

दोन्ही खरं होतं. १५ ऑगस्टला जीएसटी कपातीची घोषणा झाली, ३ सप्टेंबरला ट्रॅक्टरवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आणायचं ठरलं आणि अंमल २२ सप्टेंबरपासून, घटस्थापनेला. मधल्या दिवसांत कुठला शेतकरी ट्रॅक्टर उचलेल? देशभरातल्या सगळ्या धंद्यांच्या सरासरीत हे दिसणार नव्हतंच.

खरा उपयोग झाला तो 'वाहन' पोर्टलचा. आरटीओत रोज किती गाड्या नोंदल्या जातात ते तिथं राज्यवार आणि प्रकारवार फुकट बघता येतं. याच्याशेजारी कंपन्यांनी डीलरला किती ट्रॅक्टर पाठवले तो महिन्याचा आकडा ठेवायचा. दोन्हींतला फरक म्हणजे डीलरच्या दारात उभा असलेला माल. आम्हाला शेड्यूल मिळतं ते पाठवण्याच्या हिशोबाने, आणि ट्रॅक्टर खपतात ते नोंदणीच्या हिशोबाने. पाठवणी सलग दोन-तीन महिने नोंदणीच्या पुढे धावली की शेड्यूलला कात्री लागणार, हे आता आमचा उत्पादन नियोजनाचा (पीपीसी) पोरगाही न विचारता सांगतो. उलट सप्टेंबरात पहिले तीन आठवडे नोंदणी थंड होती आणि घटस्थापनेनंतर ती उसळली. गिऱ्हाईक अडलं होतं, गेलं नव्हतं. म्हणून 'थांबवा' असा फोन येऊनही आम्ही कर्नाटकातल्या कोप्पळकडून येणाऱ्या पिग आयर्नच्या गाड्या बंद केल्या नाहीत, फक्त लांबवल्या. दसऱ्यानंतर सगळ्यांचीच शेड्यूल्स एकदम वाढली तेव्हा आजूबाजूचे लोक रोखीने माल शोधत होते.

या पोर्टलमध्येही खोट आहेच. तेलंगणाचे आकडे बराच काळ त्यात धरलेले नव्हते. शिवाय ट्रॅक्टर आज नेला तरी पासिंग नंतर होतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यातले आकडे मागाहून फुगतात.

घाऊक किंमत निर्देशांक १४ तारखेला येतो. खरेदीसाठी तो मला निरुपयोगी वाटला. सप्लायरचा रेट व्हॉट्सअ‍ॅपवर कधीच येऊन गेलेला असतो. शिवाय पहिला आकडा तात्पुरता असतो, पक्का व्हायला दहा आठवडे जातात. पण पंपवाल्यांकडे रेट वाढवून मागताना समोर ठेवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. ट्रॅक्टरवाले रेटचा फरक पुढच्या तिमाहीत देतात. त्यामुळे भाव चढत असतील तर आमचा तीन महिने तोटा, आणि उतरत असतील तर महाग घेतलेला साठा आमच्याच गळ्यात. म्हणून भाव उतरणीला लागले की यार्ड हलकं करायचं, हा आमच्याकडे आता नियमच झालाय.

साठा बँकेच्या सीसी लिमिटवर (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज) उभा असतो, म्हणून रेपो दरही (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) शीटमध्ये घातला. २०२५ या एका वर्षात तो ६.५० वरून ५.२५ वर आला. ती कपात आमच्या खात्यापर्यंत उतरवायला बँकेत किती खेटे घालावे लागले, तो वेगळाच विषय आहे. औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक मात्र काढून टाकला. मागच्या महिन्याचा आकडा २८ तारखेला हातात येतो, तोवर पुढच्या महिन्याचं शेड्यूल टेबलावर असतं.

जुलै-ऑगस्टात यातलं काहीच बघत नाही. तेव्हा बघतो ते कोयना धरणाचा विसर्ग आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि रस्ते बंद, गाड्या जिथल्या तिथं. पातळी पस्तिशीकडे सरकली की आम्ही आठवड्याचं मटेरियल जास्त भरून ठेवतो, मग दिल्लीचा आकडा काही का म्हणेना.

एक गोष्ट शीट बनवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करताना पंचांग जवळ असू द्या. लक्ष्मीपूजन २०२४ ला १ नोव्हेंबरला होतं, २०२५ ला २१ ऑक्टोबरला. २०२६ ला ज्येष्ठ अधिक असल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला जातंय. म्हणजे २०२६ च्या ऑक्टोबरची नोंदणी २०२५ च्या ऑक्टोबरपेक्षा पडलेली दिसली तर लगेच ऑर्डर कापू नका. आम्ही सप्टेंबर ते नोव्हेंबर असे तीन महिने एकत्र बेरीज करून बघणार आहोत.

ज्यांचं निव्वळ जॉबवर्क आहे, कच्चा माल गिऱ्हाईकच पाठवतं, त्यांनी एवढ्या खटाटोपात पडू नये. दर सोमवारी 'वाहन'वरची नोंदणी तेवढी बघावी.