पांढऱ्या मुळीच्या नावाखाली काळे पाणी

मुळांची वाढ व्हावी म्हणून पिकाला देतात ते ह्युमिक आम्ल म्हणून मला काळे पाणी विकले गेले, हे लिहिताना लाज वाटते आणि संतापही येतो. माझ्या चारागवतासाठी मी २० लिटरचे तीन कॅन घेतले. लेबलवर १२ टक्के ह्युमिक आम्ल छापले होते, म्हणजे ६० लिटरमध्ये ७.२ किलो असायला हवे होते. मी स्वखर्चाने करून घेतलेल्या तपासणीत ते ०.७ टक्के भरले, म्हणजे जेमतेम ४२० ग्रॅम.

मी आंधळेपणाने घेतले, असे कोणी म्हणू नये. ह्युमिक द्रव्यांमुळे मुळांच्या पेशींतील प्रोटॉन बाहेर टाकणारी यंत्रणा चेतते, पेशीभित्ती सैल पडते आणि ऑक्सिन या वनस्पतीतील वाढ-संप्रेरकासारखा परिणाम होऊन उपमुळे फुटतात, हे मला ठाऊक होते. अनेक प्रयोगांच्या २०१४ मधील एकत्रित विश्लेषणात मुळांचे कोरडे वजन सरासरी २१ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले आहे. चारागवताचा सगळा भार तंतुमुळांवर असतो आणि प्रत्येक कापणीनंतर त्यांची वाढ खुंटते, त्यामुळे पांढरी मुळी, म्हणजे नवी कोवळी मुळे, लवकर सुटावी ही माझी अपेक्षा वाजवीच होती.

विक्रेत्याने दोन ठोंब उपटून दाखवले. त्याचा माल दिलेल्याला दाट मुळ्या, न दिलेल्याला विरळ. विरळ मुळ्यांच्या ठोंबाचा बुडखा नुकताच कापलेला होता. अर्ध्याहून जास्त पाला काढला की मुळांची वाढ काही दिवस थांबते, ही साधी गोष्ट मला त्या क्षणी आठवली नाही. तुलना दाखवणाऱ्याला दोन्ही ठोंब कधी कापले, हे आधी विचारा.

पण खरी खूण मला टाकीतच मिळाली होती. आदल्या हंगामात माझ्या चुकीने फॉस्फोरिक आम्ल त्याच टाकीत गेले, तेव्हा खरे ह्युमिक दूध नासावे तसे फुटले आणि नोझल तुंबले. या वेळी तीच चूक पुन्हा झाली, तरी द्रावण फुटले नाही, आणि माल उत्तम आहे म्हणून मी समाधानाने फवारत राहिलो! ह्युमिक आम्ल अल्कलीत विरघळते आणि तीव्र आम्लात साका होऊन खाली बसते. त्याच्याच जातकुळीतले फुल्विक आम्ल मात्र दोन्हींत विरघळलेले राहते. ह्युमिक म्हणून विकलेले द्रावण आम्लातही जसेच्या तसे राहिले, तर ते घेऊ नका. पाचव्या दिवशी पाने हिरवीगार झाली, ती आत मिसळलेल्या युरियामुळे. सहा आठवड्यांनी खणून पाहिले, तर न फवारलेल्या पट्ट्यातल्या मुळ्या अगदी तशाच होत्या. असा एक पट्टा नेहमी राखा आणि कापणी दोन्हीकडे एकाच दिवशी करा.

तक्रार घेऊन गेलो, तर खतांच्या गुणवत्ता नियंत्रण कार्यालयाने फोडलेल्या कॅनचा नमुना नाकारला. सीलबंद कॅन नेला, तर त्यांच्या अहवालात ११ टक्के आले, कारण त्यांनी केवळ द्रावण किती प्रकाश शोषते एवढेच मोजले. या पद्धतीत कागद कारखान्यातून निघणारे लिग्नोसल्फोनेटही ह्युमिक म्हणून मोजले जाते, आणि माझ्या कॅनमधला काळेपणा त्याचाच होता. ह्युमिक वेगळे काढून तोलण्याची आयएसओ १९८२२ ही आंतरराष्ट्रीय प्रमाणित पद्धत २०१८ पासून उपलब्ध आहे, हे मी लेखी कळवले. उत्तर आले की त्यांच्या नियमावलीत ती नाही. पुन्हा गेलो, तेव्हा माल 'वाढसहायक' या वर्गात नोंदलेला असल्याने तो आपल्या कक्षेत येत नाही, असे त्याच अधिकाऱ्याने सांगितले. मग पहिला अहवाल त्यांनी कोणत्या अधिकारात दिला? तो ११ टक्क्यांचा अहवाल आता विक्रेता नव्या गिऱ्हाइकांना दाखवतो आहे.