१४४१६ टेली मानस हेल्पलाईन: सोलापुरातून दोनदा फोन केला त्याचा अनुभव

सरकारी नंबर आहे म्हणून मी दोन महिने लावलाच नव्हता, वाटलं कोण उचलतंय. उचलतात. मानसिक त्रासाबद्दल बोलायची, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेली सेवा आहे, फुकट, २४ तास चालू, भाषा निवडायची आणि मराठीत बोलायचं.

आमची आई ६३ वर्षांची. बालवाडीवर शिकवायची, अख्ख्या गल्लीचे वाढदिवस तोंडपाठ. गेलं वर्षभर तिच्या डोक्यात बसलंय की वरच्या मजल्यावरचे लोक टाकीत कसली तरी पावडर टाकतात. आता सोलापुरात पाणी किती दिवसांनी येतं ते सोलापूरकरांना मी काय सांगू. पहाटे उठून पाईप लावून ड्रम भरायचे आणि मी दात घासून येईपर्यंत दोन ड्रम मोरीत ओतलेले. बोट बुडवून माझ्या नाकाशी धरते, "बघ, वास येतोय का नाही?" येतो, क्लोरीनचा, सगळ्यांच्याच घरी येतो, पण हे बोललं की मी पण वरच्यांना सामील.

डॉक्टरचं नाव काढलं की "मला येडी ठरवायला निघालास व्हय". मावशीचं म्हणणं गाणगापूरला नेऊन आण. शेवटी मी एकटाच एका खाजगी डॉक्टरकडे गेलो (नाव लिहीत नाही, विचारू पण नका), पाच मिनिटात ऐकून घेतलं आणि आईला न बघताच थेंबाचं औषध लिहून दिलं, म्हणे चव लागत नाही, आमटीत घाला. बाटली तीन दिवस गाडीच्या डिक्कीत पडून होती. जिला वाटतंय की कुणीतरी पाण्यात काहीतरी मिसळतंय तिच्या आमटीत मी गुपचूप औषध मिसळू? मग ती खोटं काय बोलत होती?

त्या रात्री ११ ला गच्चीवर जाऊन १४४१६ लावला. मॅडमनी निवांत ऐकलं. किती दिवसांपासून, झोप कशी आहे, जेवते का, गॅस चालू ठेवून विसरते का, ऐकायला कमी येतं का, आधीच्या काही गोळ्या आहेत का, कुणाला किंवा स्वतःला इजा करायचं बोलते का, सगळं विचारलं. आजाराचं नाव सांगितलं नाही, मला तेच पाहिजे होतं खरं म्हणजे. पण न बघितलेल्या माणसाचं निदान फोनवर करायचं नसतं, आणि या वयात नव्याने संशय सुरू झाला तर थायरॉईड, बी १२, स्मरणशक्ती, कान हे पण तपासून घ्यावं लागतं म्हणे.

थेंबांचं विचारलं तर सरळ नको म्हणाल्या, एकदा पकडलं गेलं की ती तुमच्या हातचं खाणार नाही. आणि पावडर आहे का नाही यावर वाद घालू नका, हो ला हो पण करू नका. भीती वाटतेय, झोप लागत नाही, हे तिचं खरंच आहे ना, तेवढंच धरा आणि झोपेसाठी डॉक्टरकडे चल म्हणा.

ते चाललं! "आई, तुला रात्री झोप नाही, बीपी बघून येऊ" म्हटल्यावर नेहमीच्या डॉक्टरांकडे स्वतः साडी बदलून आली. रक्त तपासलं, बी १२ कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. संशय गेलेला नाही, हे पण सांगतो, नाहीतर म्हणाल जादू झाली.

दुसरा फोन माझ्यासाठीच केला, मी तिच्यावर ओरडलो होतो त्या दिवशी. तेव्हा कळलं की पेशंट येत नसेल तरी घरचा माणूस सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत जाऊन कसं वागायचं ते विचारू शकतो. मी जाऊन आलो. आई अजून नाही आली.

ज्यांच्या घरी मारहाण किंवा जीव द्यायची भाषा चालू असेल त्यांनी मात्र फोनवर बोलत बसू नका, १०८ ला गाडी बोलवा नाहीतर थेट दवाखान्यात न्या.

आणि ओळखीच्या कुणी वाचलं तर मावशीला फॉरवर्ड करू नका प्लीज, ती आईला वाचून दाखवेल.