ओढ्याकाठची वाट की धारेवरची?

जंगलातल्या सोप्या भटकंतीसाठी बऱ्याचदा दोन वाटा समोर असतात. एक ओढ्याच्या काठाकाठाने जाते, दुसरी वरच्या अंगाने, डोंगराच्या धारेवरून. नकाशा पाहिला की निर्णय जणू झालेलाच असतो. समजा, ओढ्याची वाट ४ किलोमीटरची आहे आणि चढ नावापुरता. वरची ६ किलोमीटर आणि ३०० मीटरचा चढ. म्हणजे आजी-आजोबा आणि मुलं खालून, तरणी मंडळी वरून. मला हा हिशेब अर्धाच बरोबर वाटतो. मुलांच्या बाबतीत तो पटतो, आजी-आजोबांच्या बाबतीत नाही.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला आडाखा अजून वापरात आहे: तासाला साधारण ५ किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. त्यानुसार ओढ्याची वाट पाऊण तासाची आणि वरची पावणेदोन तासांची. पण हा आडाखा बऱ्या वाटेसाठी आहे. ओढ्याकाठी झाडांची मुळं उघडी पडलेली असतात, गोटे पायाखाली हलतात, वाट दोन-तीनदा पाणी ओलांडते. पाऊण तासाचे दोन तास कधी झाले ते कळत नाही.

दगडांवरचा बुळबुळीत थर हा खरा त्रास. हिरवं शेवाळ निदान दिसतं तरी. काळपट, ओलसर चकाकणारा दगड जास्त दगा देतो. वयस्कर माणसाला दमाची काळजी असते म्हणून आपण त्याला सपाट वाटेने नेतो, पण बऱ्याच जणांची खरी अडचण तोल सांभाळण्याची असते. दम लागला तर माणूस झाडाला टेकून पाच मिनिटं उभा राहू शकतो. ओल्या दगडावर पाय सटकला तर तेवढी सवड मिळत नाही. गुडघे बरे असतील आणि वरचा चढ सावकाश असेल, तर मी वडीलधाऱ्यांना बिनदिक्कत वरच्या वाटेने नेईन.

मुलांसाठी मात्र ओढाच. वर गेल्यावर एक छान देखावा मिळतो, पण तिथवर पोचेपर्यंत ‘अजून किती?’ हे वीसदा ऐकावं लागतं. ओढ्यात दर दहा पावलांवर काहीतरी सापडतं. उथळ पाण्यातला एखादा दगड उलटा करून पाहा: कॅडिसफ्लाय या किड्याच्या काही अळ्या वाळूचे कण आणि काडीकचरा चिकटवून स्वतःभोवती नळी बांधतात, आणि ती नळी दगडाला चिकटलेली दिसते. स्टोनफ्लाय या दुसऱ्या किड्याची पिल्लं दिसली तर पाण्यात भरपूर प्राणवायू आहे आणि प्रदूषण फारसं नाही, असं समजायला हरकत नाही. बघून झालं की दगड होता तसाच ठेवायचा.

पण ते पाणी प्यायचं नाही, कितीही नितळ असलं तरी. जिआर्डियासारखे परजीवी डोळ्यांना दिसत नाहीत. प्यावंच लागलं तर पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळायचं, २००० मीटरपेक्षा उंचावर असाल तर तीन मिनिटं. म्हणजे प्यायचं पाणी दोन्ही वाटांवर घरूनच न्यायचं.

पावसाचा प्रश्न आला की पारडं फिरतं. ओढ्याकाठी डोक्यावरच्या ढगांपेक्षा उगमाकडचे ढग महत्त्वाचे. तुमच्यावर ऊन असतानाही वर कोसळलेला पाऊस थोड्या वेळाने खाली येतो. नितळ पाणी गढूळ होऊ लागलं, काटक्या-पाचोळा वाहत येऊ लागला, आवाज भरीव झाला, की लगेच काठ सोडून उंचावर जायचं. वेगाचं पाणी जेमतेम १५ सेंटिमीटर खोल असलं तरी मोठ्या माणसाला पाडू शकतं. सकाळी ज्या दगडांवरून पलीकडे गेलात ते परतताना बुडालेले असतील, तर थांबा; पाणी ओसरायची वाट पाहा. वरच्या वाटेला हा धोका नाही, तिथे वीज असते. चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजून तीनने भागा, वीज किती किलोमीटरवर पडली ते कळेल. पण मोजत तिथेच उभं राहू नका, धारेवरून खाली उतरा.

वाट चुकण्याच्या बाबतीत ओढा बरा, कारण पाणी सोबतीला असतं. धारेवर पाचोळ्यात फाटे झाकले जातात. मात्र ‘ओढा धरून खाली जा, वस्ती लागेलच’ या सल्ल्यावर विसंबू नये. मध्ये धबधबा किंवा कडा लागला की पुढेही जाता येत नाही आणि मागेही. शिवाय खोल घळीत फोनला रेंज नसते आणि जीपीएसही भरकटतं. पाण्याच्या आवाजात पुढे गेलेल्या मुलाची हाक ऐकू येत नाही. प्राण्यांनाही तुमची चाहूल लागत नाही, म्हणून वळणांवर जरा मोठ्याने बोलत जावं.

दोन्ही वाटा जोडून फेरी होत असेल, तर बहुतेक जण आधी चढतात आणि थंडगार ओढ्याने परततात. ऐकायला छान, पण मी उलटं करतो. निसरड्या दगडांवर सकाळचे ताजे पाय हवेत, आणि दुपारनंतर सरी येत असतील तर तोवर पाण्यापासून लांब गेलेलं बरं. तोटा एकच: रात्रीची गार हवा घळीत साचून राहिलेली असते, सकाळी तिथे चांगलंच गारठायला होतं. एक जाड सदरा आणि मोज्यांचा जादा जोड घ्या. ओढा ओलांडण्यापूर्वी सॅकचा कमरेचा पट्टा सोडा. पडलात तर ती पटकन टाकून देता येते.