एका डबीत ट्रायासिकची चार घराणी

स्टुटगार्टजवळच्या जीवाश्मांच्या बाजारात ३८ युरोंना घेतलेला हा संच. काड्यापेटीच्या दुप्पट डबी, आत कापसावर चार ब्रॅकिओपॉड, म्हणजे शिंपल्यांसारखे दिसणारे दोन कवचांचे समुद्री प्राणी, सगळे मध्य ट्रायासिक कालखंडातल्या मुशेलकाल्क चुनखडीतले, म्हणजे साधारण २४ कोटी वर्षांपूर्वीचे. जर्मन भूवैज्ञानिक फ्रीडरिश फॉन आल्बर्टीने १८३४ साली ज्या तीन थरांवरून या कालखंडाला ‘ट्रायास’ हे नाव दिलं, त्यातला हा मधला थर.

सगळ्यांत देखणा कोएनोथायरिस. अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठा, गुळगुळीत, फुगीर. कवचाच्या टोकदार चोचीला गोल भोक आहे; त्यातून देठ काढून हा प्राणी कशाला तरी चिकटून राहायचा. माझं लहानपण रत्नागिरीत आईबरोबर तिसऱ्या निवडण्यात गेलं, त्यामुळे फरक हाताला लगेच कळला. तिसरीची दोन शिंपलं म्हणजे एकमेकांची आरशातली रूपं. इथे चोचीकडचं कवच मोठं, दुसरं लहान. पण प्रत्येक कवच मधोमध दुभागलं तर डावं-उजवं अगदी सारखं. बराच वेळ बोटांनी हेच चाचपत बसलो होतो.

पण पैसे वसूल होतात ते चौघांना शेजारी मांडल्यावर. २५.२ कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिकच्या आधीच्या पर्मियन कालखंडाच्या शेवटी, ब्रॅकिओपॉडांवर फार मोठा घाला पडला. प्रॉडक्टिडांसारखी भरभराटीची घराणी बुडाली, आणि समुद्राच्या तळावर तिसऱ्यांच्या जातकुळीची सरशी झाली. जे तगून पुन्हा वाढले, त्यांतली चार घराणी या डबीत आहेत: टेरेब्रॅट्युलिड कोएनोथायरिस, रिंकोनेलिड डेकुर्टेला, स्पिरिफेरिनिड पंक्टोस्पिरेला आणि ठसठशीत उभ्या धारांचा अथायरिडिड टेट्रॅक्टिनेला. पहिली दोन घराणी आजही समुद्रात आहेत. उरलेली दोन एवढ्या संकटातून सावरली, आणि जुरासिकच्या पूर्वार्धात कायमची गेली. तो टेट्रॅक्टिनेला हातात घेतला की मला खरंच गलबलून येतं.

तक्रार एकच, पण मोठी. डेकुर्टेला आणि पंक्टोस्पिरेला यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. दोन्हींवर घड्या असल्याने नुसत्या डोळ्यांना पटकन कळत नाही. दहापट भिंगाखाली एकाच्या कवचावर सुईच्या टोकाएवढी बारीक छिद्रं दिसली, तोच पंक्टोस्पिरेला. विक्रेत्याला फोटो पाठवले. आठवड्याभरात नव्या चिठ्ठ्या आल्या, सोबत माफीही.

घ्यायचा असेल तर खाण आणि थर दोन्ही लिहून मागा. माझ्या टेट्रॅक्टिनेलाच्या नव्या चिठ्ठीवरही नुसतं ‘मुशेलकाल्क’ एवढंच आहे.