दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांनी काय निवडावं: रिफॉर्मर, मॅट, अय्यंगार योग की जिम?

हिंजवडी असो, बीकेसी असो की घरचं डायनिंग टेबल, लॅपटॉपसमोरचे आठ-नऊ तास आणि वर प्रवासातला बसूनच जाणारा वेळ हा हिशोब बहुतेकांचा सारखाच आहे. पाठ आखडायला लागली की शोध सुरू होतो आणि सध्या त्या शोधात रिफॉर्मर पिलाटेसचं, म्हणजे स्प्रिंगा लावलेल्या यंत्रावर करायच्या पिलाटेस व्यायामाचं नाव पहिलं येतं. ते महाग आहे, म्हणून आधी नीट तुलना करायला हवी. ‘सगळेच व्यायाम चांगले’ हे उत्तर फी भरणाऱ्याच्या काही उपयोगाचं नाही.

तुलना कशाच्या आधारावर करायची, ते बसण्याने शरीराचं काय होतं यावरून ठरतं. बसल्यावर खुबा दुमडलेला राहतो. जांघेतले, म्हणजे खुब्याच्या पुढचे स्नायू तासन्‌तास आखूड अवस्थेत असतात आणि नितंबांच्या स्नायूंना काहीच काम नसतं. बरगड्यांमागचे मणके पुढे वाकलेले राहतात, ते मागे वळत नाहीत की बाजूला फिरत नाहीत. हात सतत पुढे असतात, दिवसभरात एखादी गोष्ट जोर लावून स्वतःकडे ओढण्याची वेळ येत नाही. ‘चुकीचं बसतो म्हणून दुखतं’ असं म्हणतात, पण अगदी ताठ बसलेला माणूसही तीन तास न हलता बसला तर आखडतोच. म्हणून व्यायामात चार गोष्टी शोधा: खुबा मागे उघडणं, नितंबांना वजनाखाली काम, वरच्या पाठीला मागे वळणं आणि फिरणं, आणि हातांनी ओढणं.

यंत्र नेमकं काय करतं

जोसेफ पिलाटेस 1883 साली जर्मनीत जन्मले. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये नजरकैदेत होते, पुढे 1920च्या दशकात न्यूयॉर्कला स्थायिक झाले. आजचा रिफॉर्मर त्यांच्याच यंत्राचा वारस आहे. साधारण आठ फुटी चौकट, रुळांवर सरकणारी गादी म्हणजे कॅरेज, तिला खालून जोडलेल्या चार-पाच स्प्रिंगा, एका टोकाला फूटबार, खांदे टेकवायला दोन ठोकळे आणि दुसऱ्या टोकाच्या कप्प्यांवरून (पुलींवरून) येणाऱ्या दोऱ्या, एवढाच त्याचा पसारा.

सगळं मर्म स्प्रिंगमध्ये आहे. ती जितकी ताणली जाते तितका जोर वाढतो, आणि परत येताना ती तुम्हाला खेचते. ढकलताना एक काम होतं, आणि परत येताना तिला आवरून धरण्याचं दुसरं. परतीत कॅरेज ‘ठक्क’ करून आदळत असेल तर दुसरं काम होतच नाहीये, अर्धा व्यायाम वाया जातोय.

नवख्यांचा एक गैरसमज हमखास असतो, की जास्त स्प्रिंगा म्हणजे जास्त अवघड. पाठीवर झोपून पायांनी ढकलताना हे खरं आहे. पण कॅरेजवर गुडघे टेकून किंवा उभं राहून करायच्या प्रकारांत हलकी स्प्रिंग जास्त कठीण जाते, कारण तिथे कॅरेज स्थिर ठेवण्याचं काम पोटाला करावं लागतं. स्प्रिंगांचे रंगही कंपनीगणिक बदलतात. अनेक यंत्रांवर लाल जड, निळी मध्यम आणि पिवळी हलकी असते, पण एका स्टुडिओतला रंग दुसऱ्या स्टुडिओत गृहीत धरू नका.

खुबा आणि नितंब

डेस्कवाल्यांसाठी रिफॉर्मर सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो इथे. यंत्राच्या शेजारी उभं राहायचं. बाहेरचा पाय जमिनीवर, फूटबारच्या जवळ. आतल्या पायाचा गुडघा कॅरेजवर आणि त्याचं पाऊल खांद्याच्या ठोकळ्याला टेकलेलं. दोन्ही हात फूटबारवर. एकच मध्यम स्प्रिंग लावून कॅरेज हळूहळू मागे जाऊ द्यायची, पुढचा गुडघा वाकवायचा आणि अर्धा मिनिट थांबायचं. मग त्याच स्थितीत आठ वेळा सावकाश पुढे-मागे.

यात चूक ठरलेली असते. खुबा उघडत नाही म्हणून माणूस कंबर आत दाबतो आणि पोट पुढे पडतं. कॅरेज लांब जाते, बघणाऱ्याला वाटतं छान ताण बसला, पण ताण जांघेत न येता कमरेत चिमटा येतो. उपाय असा: मागच्या पायाच्या बाजूचा नितंब आवळा, माकडहाड खाली वळवा आणि मग कॅरेज जेवढी जाईल तेवढीच जाऊ द्या. ती निम्मीच जाईल, पण ताण जांघेत येईल. त्यानंतर त्याच जागी कॅरेजवरचा गुडघा उचलून मागच्या पायाने ठोकळ्याला ढकललं की तेच नितंब जोर लावून काम करतात. आधी उघडणं आणि लगेच ताकद, ही जोडी इतक्या सहज दुसरीकडे जुळत नाही.

मॅट पिलाटेसमध्ये, म्हणजे यंत्राशिवाय चटईवर करायच्या पिलाटेसमध्ये, पाठीवर झोपून कंबर उचलण्याचा ब्रिज असतो. तो चांगला आहे, पण पायावर वाढता भार कधी येत नाही. अय्यंगार पद्धतीत, म्हणजे विटा-पट्ट्यांसारख्या साधनांच्या आधाराने करायच्या योगात, वीरभद्रासन करताना मागची टाच भिंतीला टेकवून किंवा विटेवर ठेवून खुबा उत्तम उघडतो आणि सेतुबंधात माकडहाडाखाली वीट ठेवली की थकलेल्या माणसालाही तो ताण मिळतो. ताकदीच्या बाबतीत मात्र जिम सरळ पुढे आहे. स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठक) आणि हिप थ्रस्टमध्ये (पाठ बाकावर टेकवून वजनासह कंबर उचलणं) दर काही आठवड्यांनी वजन वाढवता येतं. रिफॉर्मरच्या स्प्रिंगांना मर्यादा असते, सुदृढ माणूस वर्षभरात त्या मर्यादेपाशी पोहोचतो.

वरची पाठ, खांदे आणि मान

कॅरेजवर लांब बॉक्स ठेवून त्यावर पालथं झोपायचं, छाती बॉक्सच्या कडेबाहेर, तोंड कप्प्यांच्या दिशेला. दोन्ही दोऱ्या धरून, हात सरळ ठेवून मांड्यांपर्यंत मागे ओढायचे आणि त्याच वेळी छाती किंचित उचलायची. एक हलकी स्प्रिंग आणि सहा ते आठ आवर्तनं पुरतात. दिवसभर की-बोर्डवर पुढे गेलेले खांदे आणि वाकलेली वरची पाठ, दोन्हींना हा एकच प्रकार उलट दिशेला नेतो.

बिघडतं ते असं. माणूस छातीऐवजी हनुवटी उचलतो. खांदे कानांपाशी जातात. किंवा छाती जास्त उचलण्याच्या नादात कंबर दुखते. नजर जमिनीकडे ठेवा, ओढण्याआधी खांद्याची पाती खाली सरकवा, ओटीपोट बॉक्सवर दाबून धरा. तरीही कंबर बोलत असेल तर छाती न उचलता फक्त हात ओढा.

मागे वळणं आणि फिरणं या दोन गोष्टींत अय्यंगार पद्धत रिफॉर्मरच्या मागे नाही, बऱ्याचदा पुढेच आहे. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्यात आले आणि त्यांची रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था 1975 साली तिथेच सुरू झाली. भिंतीच्या दोऱ्या, विटा, पट्टे, लोड आणि मागची पाठ काढलेली खुर्ची यांचा इतका बारीक विचार क्वचितच कुठे झाला असेल. खुर्चीवरचं विपरीत दंडासन बरगड्यांमागचे मणके आधार देऊन मागे वळवतं आणि खुर्चीवर बसून केलेलं भारद्वाजासन ऑफिसातही जमतं. पुणेकरांच्या घराजवळ हे असताना केवळ यंत्र नवं आहे म्हणून तिकडे पाठ फिरवू नये. आसनांमध्ये एक गोष्ट मात्र कमी पडते: वाढत्या वजनाविरुद्ध हातांनी ओढणं. ते जिममधल्या सीटेड रो (बसून वजन पोटाकडे ओढणं) आणि लॅट पुलडाउनमध्ये (वरची दांडी छातीकडे ओढणं) सगळ्यात नेमकं मिळतं. तिथे एकेक पायरी वजन चढवता येतं आणि प्रगती आकड्यात दिसते.

मॅट पिलाटेस डेस्कवाल्यांना सगळ्यात जड जातं ते मानेमुळे. ‘हंड्रेड’ या प्रकारात डोकं उचललेलं ठेवून शंभर मोजेपर्यंत हात हलवायचे असतात. पोटात ताकद कमी असली की सगळा भार मानेच्या पुढच्या स्नायूंवर येतो, आणि ती मान आधीच स्क्रीनकडे झुकून दमलेली असते. अशांनी डोकं खाली टेकवूनच हा प्रकार करावा. रिफॉर्मरवर हेडरेस्ट वर करता येतो, दोऱ्यांमुळे हातांना टेकू मिळतो, म्हणून सुरुवात सोपी जाते. जाड शरीराच्या किंवा बऱ्याच वर्षांनी व्यायामाला लागलेल्या माणसालाही झोपून, आधाराने ढकलणं जमतं. मॅटवरचा पहिलाच ‘रोल अप’ (झोपलेल्या स्थितीतून पाठ गोल करत उठून बसणं) न जमून आलेली निराशा टळते.

रिफॉर्मर जे देत नाही

दम लागणारा व्यायाम. जंपबोर्ड, म्हणजे फूटबारच्या जागी लावायची फळी, लावून झोपल्या झोपल्या उड्या मारल्या तर थोडा लागतो, पण एरवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेची 2020ची शिफारस आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम, आणि शिवाय किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम, अशी आहे. आठवड्यातले दोन रिफॉर्मर वर्ग फार तर दुसरी अट पुरी करतात. चालणं त्यात धरू नका, ते वेगळं करावंच लागेल. हाडांच्या बाबतीतही चाळिशीपुढच्या बायकांना उभ्याने उचललेलं वजन हवं असतं, आणि ते जिममध्ये मिळतं.

पाठदुखीसाठी पिलाटेसचं संशोधन 2015च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणारी संस्था) एकत्र तपासलं गेलं. कमी ते मध्यम दर्जाच्या पुराव्यावरून, काहीच न करण्यापेक्षा किंवा नावापुरते उपचार घेण्यापेक्षा पिलाटेस बरं, असं त्यात दिसलं. पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. ‘पाठदुखीवर रिफॉर्मरच’ अशी जाहिरात दिसली तर हे लक्षात ठेवा.

पायात मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, पाय अशक्त वाटत असेल तर आधी डॉक्टर. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटत असेल तर त्याच दिवशी. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालेल्यांनी मणके गोल वाकवणारे प्रकार, म्हणजे रोल अपसारखे, टाळावेत आणि शिक्षकाला पहिल्याच दिवशी तसं सांगावं.

पैसे आणि स्टुडिओ

पॅकेजची रक्कम वर्गांच्या संख्येने भागू नका. मुदतीत तुम्ही खरोखर जाल तितक्याच वर्गांनी भागा. दहा वर्गांचं पॅकेज महिन्याभरात संपवायचं असेल आणि तुमच्या कॉल्समुळे सहाच होणार असतील तर खरा दर दीडपटीहून जास्त होतो. उशिरा रद्द केलेला वर्ग कापतात का, तेही आधी विचारा. जिम आणि मॅट इथे उघडच स्वस्त पडतात. मॅटचे दहा प्रकार तर शिकून घेतले की घरी फुकट होतात.

चाचणी वर्गाला गेलात की यंत्रांकडे लक्ष द्या. दोऱ्या टोकाशी झिजल्यात का, दोन्ही दोऱ्यांची लांबी सारखी आहे का, स्प्रिंगा शेवटच्या कधी बदलल्या. नियमित वापरात त्या साधारण दोन वर्षांनी बदलाव्या लागतात. शिक्षक ब्रिजआधी सगळ्यांचा हेडरेस्ट खाली करायला सांगतो का, ते बघा. तो वर राहिला तर कंबर उचलताना मानेवर भार येतो. सगळ्या स्प्रिंगा काढलेल्या असताना कॅरेजवर पाय ठेवायला कुणी सांगत असेल तर तिथे फी भरू नका. वर्गात दहा-बारा यंत्रं आणि एकच शिक्षक असेल तर जांघेच्या व्यायामातली ती कंबर दाबण्याची चूक तुमच्यात कुणी पकडणार नाही. म्हणून पहिले तीन-चार वर्ग एकट्याने किंवा दोघांत घ्या, नंतर गटात जा.

मग कुणी काय घ्यावं

वर्षानुवर्षं व्यायाम नाही, शरीर ताठ आहे, वजन उचलायची भीती वाटते आणि खिशाला परवडतं, अशांनी रिफॉर्मर घ्यावा. आठवड्यातून दोनदा, तीन महिने, आणि रोज अर्धा तास चालणं. तीन महिन्यांनी ताकद वाढलेली असेल तर पुढचे पैसे जिममध्ये घालणं जास्त फायद्याचं.

दुखत काही नाही, फक्त बसून सुस्ती आलीय आणि वयाची पस्तिशी ओलांडलीय, तर थेट जिम. रो, पुलडाउन, स्प्लिट स्क्वॉट, हिप थ्रस्ट आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), आठवड्यातल्या दोन दिवसांत बसतं.

मान-खांदे सतत ताणलेले, झोप नीट नाही, मन स्थिर हवंय आणि जवळ चांगला अय्यंगार शिक्षक आहे, तर तिकडे जा, आणि आठवड्यातून एकदा एखाद्या रबरी पट्ट्याने ओढण्याचा व्यायाम जोडा.

फिरतीची नोकरी, हॉटेलात मुक्काम, वर्गाच्या वेळा पाळणं अशक्य, तर मॅट. पण शिक्षकाकडून नीट शिकून मगच एकट्याने करा.

आणि यातलं काहीही घेतलं तरी खुर्चीतून अर्ध्या-पाऊण तासाने उठावंच लागतं. फोनवर बोलायचं असलं की उभं राहा. पाण्याची बाटली डेस्कवर ठेवू नका, पँट्रीपर्यंत जा.