निबंध रखडला असेल तर 'हॅम्लेट' घ्यावे की 'डॉक्टर फॉस्टस'?

इंग्रजी साहित्याचा निबंध लिहायचा राहून जातो आणि मित्रांबरोबर नाटकांवरची चर्चा मात्र रंगत जाते, तेव्हा निवड बहुधा या दोन शोकांतिकांपाशी येऊन अडते. दोन्ही नायक विटेनबर्गच्या विद्यापीठाशी संबंधित आहेत आणि दोघेही करायचे ते पुढे ढकलत राहतात. निबंध टाळणाऱ्याला ते आपले वाटले, तर नवल नाही.

चर्चेसाठी 'हॅम्लेट'ला तोड नाही. वडिलांचा खून करणारा काका क्लॉडियस प्रार्थनेला बसला असताना त्याच्यावर उपसलेली तलवार हॅम्लेट म्यान करतो, तेव्हा तो देत असलेले कारण खरे की ती सबब, यावर तासन्‌तास वाद घालता येतो. पण जे नाटक बोलण्याला इतका वाव देते, तेच लिहायला घेतल्यावर हाताबाहेर जाते. त्याला आवर घालायचा असेल, तर एक चिंचोळी वाट आहे : नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास याचे सैन्य पाहून हॅम्लेट स्वतःच्या दिरंगाईला दोष देतो, ते चौथ्या अंकातील स्वगत १६०४-०५ च्या क्वार्टोत (एकाच नाटकाच्या लहान आकाराच्या छापील प्रतीत) आहे, १६२३ च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या आकाराच्या संग्रहात) नाही. त्यामुळे हॅम्लेट नेमका किती चालढकल करतो, हे काही अंशी आपण कोणती संहिता वाचतो यावर ठरते.

मार्लोचे 'डॉक्टर फॉस्टस' गप्पांत लवकर संपते, कारण मधले विनोदी प्रसंग, स्पष्टच सांगायचे तर, कच्चे आहेत. निबंधाला मात्र ते अधिक सोयीचे आहे. आत्मा देऊन सैतानाशी केलेल्या २४ वर्षांच्या करारातील शेवटचा तास सुमारे साठ ओळींत सरतो, मध्ये घड्याळाचे ठोके पडतात, आणि सूक्ष्म विवेचनासाठी एवढा उतारा पुरेसा आहे. शिवाय १६०४ च्या संहितेत फॉस्टस पश्चात्ताप 'करू शकला' तर उशीर झालेला नाही असे म्हटले आहे, तर १६१६ च्या संहितेत तो 'करील' तर असे आहे. असमर्थता की अनिच्छा, हा प्रश्न त्या एका क्रियापदातून उभा राहतो.

ऑस्कर वाइल्डचे १८९५ चे विनोदी नाटक 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' चर्चेत हटकून निघते. ते या कामासाठी मी सुचवणार नाही, कारण त्यातील वाक्ये उद्धृत करण्यातच निबंध संपतो.

हाती आठवडाच असेल, तर फॉस्टस घ्यावा. महिना असेल, तर हॅम्लेटचे ते स्वगत. मात्र नेमलेली प्रत कोणत्या संहितेवर आधारली आहे, हे आधी पाहावे, कारण संपादकाने दोन संहिता एकत्र केल्या असतील, तर हे फरक पाठभेदांच्या टिपांतच सापडतात.