जिमनी, कयाक आणि छतावरची पन्हाळ : एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

मारुती सुझुकीच्या पाच दारांच्या जिमनीवर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या छोट्या गाडीवर, लिहायचे कित्येक दिवस मनात होते. परंतु गाडीने भांडणाला निमित्त दिले नाही आणि भांडणाशिवाय माझ्याकडून लिहून होत नाही. निमित्त अखेर मिळाले ते गाडीच्या डोक्यावर बसवलेल्या लोखंडी कॅरियरमुळे. मुंबईतल्या एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातून घेतलेला हा टोपलीसारखा कॅरियर पावसाळ्यानंतर उतरवला, तेव्हा त्याचे क्लॅम्प ज्या पट्टीला धरून होते त्या पट्टीचा रंग आठही ठिकाणी खरवडला गेला होता आणि दोन ठिकाणी तांबूस गंज फुटला होता. क्लॅम्पच्या जबड्यात रबर घातलेलेच नव्हते. दुकानदाराचे उत्तर तयार होते : "मॅडम, क्लॅम्प आमचा आहे, पण पत्रा गाडीचा आहे." हमी फक्त वेल्डिंगची आहे, असे बिलावर बारीक अक्षरांत छापलेलेही निघाले.

या वादामुळे छताच्या दोन्ही बाजूंनी जाणारी ती उंचवट्याची पट्टी मी फार बारकाईने पाहिली. आपण तिला पन्हाळ म्हणू. मेकॅनिक तिला गटर म्हणतात. इंजिन, गिअर आणि चार चाकांची ताकद यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्याला माझ्यासारखी कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची चिंचोळी नाव, न्यायची आहे त्याने गाडी निवडताना सर्वांत आधी ही पन्हाळच पाहावी, असे माझे मत झाले आहे. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत छत आणि बाजूचा पत्रा यांचा जोड एका खाचेत दडवलेला असतो, त्यामुळे आडव्या दांड्या बसवायच्या तर त्या मॉडेलसाठीच बनवलेले महागडे पाय लागतात किंवा कंपनीने दिलेल्या शोभेच्या रेलवर भरवसा ठेवावा लागतो. जिमनीची पन्हाळ जुन्या पद्धतीची, बाहेर आलेली आणि जवळजवळ छताइतकी लांब आहे. तिच्यावर क्लॅम्प हवा तिथे धरतो, म्हणून दोन दांड्यांतले अंतर कयाकच्या लांबीनुसार ठेवता येते. दांड्या जितक्या दूर, तितकी कयाकची टोके वाऱ्यात कमी डुलतात.

दुसरा मुद्दा वजनाचा. छतावर किती ओझे चालेल हे हस्तपुस्तिकेत दिलेले असते आणि त्या मर्यादेत कॅरियरचे वजनही धरायचे असते, हे दुकानात कोणी सांगत नाही. साचात घडवलेल्या प्लास्टिकची, वर बसायची एकट्याची कयाक वीस किलोंच्या पुढेच असते. माझ्या लोखंडी टोपलीचे वजन जवळजवळ तेवढेच भरले, म्हणजे मर्यादेचा मोठा वाटा रिकाम्या टोपलीनेच खाल्ला होता. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन दांड्या पायांसह काही किलोंत होतात, त्यांची किंमतही कमी असते आणि नको तेव्हा त्या काढून पलंगाखाली सरकवता येतात. बरीच पत्रापत्री झाल्यावर दुकानदाराने टोपली अर्ध्या किमतीत परत घेतली. गंज घासून, प्रायमर आणि रंग लावून घेण्याचे काम वस्तीतल्या एका पेंटरने उरलेल्या अर्ध्यापेक्षा पुष्कळ कमी पैशांत केले. तरीही तो उरलेला अर्धा मला अजून बोचतो.

आता गाडी का निवडली ते सांगते, कारण निर्णय सह्याद्रीपेक्षा आमच्या मुलुंडच्या इमारतीतील पार्किंगने केला. आमची जागा स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांच्या मजल्यावर आहे, वरून सांडपाण्याचा आडवा पाइप जातो आणि मागे भिंत आहे. जिमनीची उंची १७२० मिमी आणि लांबी ३९८५ मिमी आहे. महिंद्राच्या पाच दारांच्या थार रॉक्सची उंची १९२३ मिमी आणि लांबी ४४२८ मिमी. तीन दारांची थार लांबीला मावली असती, परंतु तीही जिमनीपेक्षा वीतभर नाही तरी चांगली सहा-सात बोटे उंच आहे. ही बोटे पाइपला खटकली नसती, मला खटकली असती. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे आणि कयाक बहुतेक वेळा मला एकटीलाच चढवावी लागते. त्यासाठी तिचे एक टोक मागच्या दांडीवर टेकवून मागून ढकलत न्यायचे असते. इथे छताचा प्रत्येक सेंटिमीटर खांद्यात जाणवतो. ६५० मिमी खोल पाण्यातून जाण्याची थारची क्षमता खरोखर मोठी आहे, परंतु मी पाण्यात गाडी घालायला जात नाही; पाण्यापर्यंत जाऊन गाडी कोरडी ठेवते आणि स्वतः भिजते.

काटकसरीचा भाग असा की गाडी मी वापरलेली घेतली. भारतात जिमनीला गिऱ्हाईक बेताचेच मिळाले, त्यामुळे वापरलेल्या गाडीच्या किमतीत घासाघीस करायला वाव होता. गंमत म्हणजे गुरुग्रामला बनणारी हीच पाच दारांची गाडी २०२५च्या जानेवारीत जपानमध्ये नोमाड या नावाने नोंदणीसाठी खुली झाली, तेव्हा चार दिवसांत सुमारे ५०,००० मागण्या आल्या आणि नोंदणी थांबवावी लागली. तिकडच्या लोकांची हौस आणि इकडच्या लोकांची नाराजी, दोन्हींचा फायदा माझ्या पाकिटाला झाला असे मी मानते.

मागे सामानाला जागा २०८ लिटर आहे, म्हणजे ओली लाइफ जॅकेट, कपड्यांची पिशवी आणि हवेचा पंप ठेवला की संपली. मागची आसने पाडल्यावर ती ३३२ लिटर होते. दोघेच जात असाल तर आसने पाडलेलीच ठेवावीत. मागच्या दाराबद्दल मात्र माझे मत पार उलटले. हे दार वर न उचलता बाजूला उघडते आणि त्यावर स्टेपनी लटकलेली असते. पहिल्या काही महिन्यांत या दाराइतका राग मला दुसऱ्या कशाचाच आला नाही, कारण मुंबईत मागच्या गाडीने किंवा भिंतीने ते पूर्ण उघडू देण्याइतकी जागा क्वचितच सोडलेली असते. मग दहा फुटी कयाक छतावर आली. तिचे मागचे टोक छताच्या बाहेर येते. वर उचलले जाणारे दार असलेल्या गाडीत ते दार कयाकवर आपटते आणि सामान काढायचे तर आधी कयाक उतरवावी लागते. थारच्या मागच्या दाराचीही वरची काच वर उचलली जाते. जिमनीत काच दारातच आहे, म्हणून वर कयाक बांधलेली असतानाही दार तिच्याखालून आरामात उघडते. भर पावसात, पट्टे न सोडता, कोरडा टॉवेल हाती येणे म्हणजे काय ते ज्याने अनुभवले आहे त्याला अधिक सांगावे लागणार नाही.

आता प्रत्यक्ष चार चाकांच्या ताकदीकडे येते. ही ताकद कुठे लागते याचे उत्तर नकाशावर मिळत नाही, ते धरणातील पाण्याच्या पातळीवर आहे. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेचे पाणी तिथून खाली शेतीसाठी सोडले जाते. पावसाळा संपताना या धरणाचा जलाशय, आर्थर लेक, काठोकाठ भरलेला असतो, शेंडीहून रतनवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून पाणी अगदी जवळ दिसते आणि कयाक खांद्यावरून नेता येते. त्या दिवसांत कोणतीही साधी गाडी पुरते. एप्रिल-मेमध्ये हेच पाणी इतके मागे हटते की रस्ता आणि काठ यांच्यामध्ये भेगाळलेल्या गाळाचे रुंद पट्टे पडतात. वीस-बावीस किलोंची नाव उन्हात एवढे अंतर उचलून नेणे एकट्या माणसाचे काम नव्हे, आणि तिथे लो रेंज, म्हणजे वेग कमी करून चाकांचा जोर वाढवणारा गिअर, उपयोगी पडतो.

परंतु तिथेच फसगतही होते. गाळाचा वरचा थर उन्हाने टणक होतो, खाली मात्र ओल टिकून असते. रतनवाडीजवळ मी गाडी पाण्याच्या दिशेने वळवली, तेव्हा शेळ्या राखणाऱ्या एका आजोबांनी काठीने जमीन टोचून दाखवली आणि म्हणाले, "ताई, वरून वाळलंय, आत लोणी हाय. त्या मुरमाच्या कडंनं घ्या." मुरमाची कड धरून गेले आणि निभावले. जिमनीचे वजन बाराशे किलोंच्या आसपास आहे, थारपेक्षा कित्येक क्विंटल कमी, आणि अशा जमिनीवर हा हलकेपणा अश्वशक्तीपेक्षा अधिक कामाचा ठरतो. सुझुकीने यात मागे-पुढे डिफरन्शियल लॉक, म्हणजे डावे-उजवे चाक एकाच गतीने फिरवणारी कडी, दिलेले नाहीत. घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवणारी यंत्रणा आहे. ती काम करताना करकर आवाज करते, त्याला घाबरून पाय काढू नये. टायरमधली हवा आधीच कमी करावी आणि परत डांबरी रस्त्यावर आल्यावर ती भरायला बारा व्होल्टचा पंप सोबत ठेवावा. त्या पंपाची किंमत एकदा ट्रॅक्टर बोलवायला लागणाऱ्या पैशांपेक्षा कमी आहे.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. पाणी हटलेली ही जमीन ओसाड नसते. गाळपेर म्हणून तिथे अनेक ठिकाणी पिके घेतलेली असतात आणि उगवत्या रोपांची हिरवट रेघ गाडीच्या काचेतून सहज दिसत नाही. त्यामुळे उतरून, चालून, विचारूनच गाडी पुढे घ्यावी. धरणात नाव उतरवण्यासाठी परवानगीचाही प्रश्न असतो. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा किंवा मोडकसागरसारख्या तलावांचा तर विचारच सोडून द्यावा.

खाडीकडे गेल्यावर हिशेब बदलतो. रेवदंड्याजवळ कुंडलिकेच्या खाडीत उतरायचे असेल, तर गाडीपेक्षा पंचांग अधिक कामाला येते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, म्हणजे पौर्णिमेला ती सव्वाअकराच्या सुमारास येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप वर चढते आणि ओहोटीला तितकेच खाली जाऊन चिखल उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा चढउतार कमी आणि गाडी काठावर ठेवणे सोपे. ओहोटीच्या ओल्या वाळूत गाडी नेऊन ठेवण्याचा मोह फोर बाय फोरवाल्यांना फार होतो. मी तो कधीच केला नाही, कारण खारे पाणी चासिसच्या पोकळ्यांत गेले की बाहेरून धुऊन निघत नाही. बांधलेल्या उतारापर्यंतच जायचे, उतारावर शेवाळ असेल तर वरच थांबायचे आणि घरी परतल्यावर चाकांच्या कमानी व खालचा भाग गोड्या पाण्याने धुवायचा. हे धुणे सोसायटीच्या सेक्रेटरींना पाण्याची नासाडी वाटते, म्हणून मी पेट्रोल पंपाशेजारच्या वॉशिंग सेंटरमध्ये पैसे मोजते आणि तो खर्च दर खेपेला हिशेबात धरते.

हमरस्त्यावर जिमनी घाईच्या माणसाची गाडी नाही. १.५ लिटरचे पेट्रोल इंजिन, सुमारे १०५ पीएस ताकद, शिडीसारखी चासिस आणि दोन्ही अखंड आस, यांमुळे स्टिअरिंगला थोडी ढिलाई असते. या रचनेचे ते अंगच आहे. छतावर कयाक असताना अलिबागकडे जायला अटल सेतू घेतला, तेव्हा समुद्रावरच्या आडव्या वाऱ्याने गाडी इतकी हलवली की शंभरची मर्यादा मला शोभेची वाटू लागली आणि ऐंशीच्या आत राहावे लागले. एका बाजूच्या २५० रुपये टोलमध्ये जो वेळ विकत घेतला तो असा अर्धा परत गेला. त्यानंतर कयाक घेऊन मी वाशीवरूनच जाते. २०२४च्या ऑक्टोबरपासून मुंबईच्या वेशीवरचा टोल हलक्या गाड्यांना माफ झाला आहे. कयाक बांधायला पट्टे बकलचे वापरावेत. रॅचेटचे, म्हणजे खटक्याने आवळायचे, पट्टे गरजेपेक्षा जास्त आवळले जाऊन प्लास्टिकला पोचा पाडतात. पट्ट्याला एक पीळ दिला की वाऱ्यातला गुणगुणाट थांबतो. पुढचे आणि मागचे टोक दोरीने वेगळे बांधावे. हे टाळणाऱ्यांच्या मागे मी गाडी चालवत नाही.

कोलाडला कुंडलिकेवर जाणाऱ्यांनी यातली कोणतीच गाडी घेऊ नये. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली सुटते त्यावर तिथले प्रवाह अवलंबून असतात, नावा तिथलीच मंडळी पुरवतात आणि रस्ता साधा आहे. हवा भरायची कयाक असेल तर तीही पिशवीत मावते आणि कोणत्याही हॅचबॅकच्या डिकीत जाते. दोन जणांची लांब, टणक कयाक किंवा दोन कयाक एकदम न्यायच्या असतील, तर जिमनीचे छत अरुंद पडेल आणि थार रॉक्सकडे पाहावे लागेल. मात्र रॉक्सची चार चाकांची ताकद फक्त डिझेलमध्ये मिळते, आणि नव्या डिझेल गाडीवर महाराष्ट्रात पेट्रोलपेक्षा दोन टक्के अधिक रस्ता कर भरावा लागतो. हे दोन टक्के, उंच छतासाठी लागणारी पायरी आणि आमच्यासारखा पाइप असेल तर पार्किंगची वेगळी सोय, हे सगळे जमेस धरूनच तिची किंमत ठरवावी.